ऐन, जांबा आणि आमचे डोंबिवलीचे घरमालक

डोंबिवलीत खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी भाडं सांगायच्या आधी परसात कपडे कुठं वाळत घालायचे नाहीत ते सांगितलं. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. आमचं नुकतंच लग्न झालेलं. यांची नोकरी मुंबईत, आणि मला डोंबिवलीतच प्राथमिक शाळेत शिक्षिकेची जागा मिळालेली. तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशनच्या आजूबाजूला थोडी घरं आणि त्यापलीकडे भातशेती. मालकांचं घर शेवटच्या घरांपैकी. पुढं ओटा, ओट्याला चार काळपट खांब, मागं विहीर आणि परस.

परसात भाजी नव्हती, फुलझाडं नव्हती. हातभर लांबीच्या, मनगटाएवढ्या जाड लाकडी खुंट्या अर्ध्या जमिनीत पुरलेल्या होत्या. रांगेनं, दोनशेच्या वर असतील. प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा.

"ही कसली लागवड?" यांनी विचारलं.

"परीक्षा चालू आहे," मालक म्हणाले. "मधून जायचं तर जपून जा. धुण्याचं पाणी तिसऱ्या रांगेत जाता कामा नये. साबणानं निकाल बदलतो."

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, माणूस जरा सटकलेला दिसतो. पण खोल्या हवेशीर होत्या आणि शाळा पाच मिनिटांवर होती. आम्ही राहायला आलो ते सात वर्षं राहिलो.

मालक रेल्वेतून निवृत्त झालेले. रुळांखाली जे लाकडी स्लीपर घालतात, ते तपासून पास किंवा नापास करायचं त्यांचं काम. तीस वर्षं ते जंगलांच्या डेपोंतून हिंडले. चांदा, डांग, कारवार. हातात छोटा हातोडा. स्लीपरच्या एका टोकाला ठोकायचं, दुसऱ्या टोकाला कान द्यायचा. निवृत्तीनंतर रेल्वेनं बाकीचं सगळं परत घेतलं. हातोडा मात्र त्यांचा स्वतःचा होता, म्हणून तो राहिला. खाकी अर्धी विजार, अंगात बंडी आणि कमरेला तो हातोडा, असे ते दिवसभर असत. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीला दोन ठोके, मग "येऊ का आत?"

काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "ते काही बोलले तर मनावर घेऊ नकोस हो. माणसांशी बोलायची सवय नाही त्यांना. ओंडक्यांत आयुष्य गेलंय."

ते खरं होतं. एका पुतणीचं लग्न ठरवायला ते ठाण्याला गेले होते. मुलाकडची मंडळी चांगली, मुलगा शिकलेला, पोहे झाले, सगळं जुळत आलं. निघताना मालकांनी अंगणाच्या फाटकावर हातोडा मारला आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "हे सागाचं म्हणून दिलंय ना तुम्हाला? पांढरं लाकूड आहे, वर रंग मारलाय. पुढच्या पावसाळ्यात पडेल." मुलाच्या वडिलांनी ते फाटक दसऱ्याला हौसेनं बसवून घेतलं होतं. ठरत आलेलं लग्न दोन महिने लोंबकळलं. श्रावणात फाटक पडलं. मग मुलाचे वडील स्वतः डोंबिवलीला आले, आणि लग्नाची तारीख काढायच्या आधी त्यांनी नव्या फाटकाला लाकूड कुठलं घ्यावं ते विचारून घेतलं. हा किस्सा काकू सांगत. मालक सांगत नसत. त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पांढरं लाकूड पडणारच.

झाडाच्या मधोमध असतो तो गडद गाभा आणि त्याच्याभोवती असतं ते पांढरं लाकूड, हा फरक त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवला. "लोक झाडाचं नाव विचारतात. साग आहे का, शिसव आहे का. नाव विचारून काय होतं? सागाचंसुद्धा पांढरं लाकूड वाळवी दोन वर्षांत खाते. गाभा किती आहे ते विचारा." दुसरं एक वाक्य ते नेहमी म्हणत, "खांब कुजतो तो जमिनीत नाही आणि हवेतही नाही. जमीन आणि हवा जिथं भेटतात तिथं कुजतो." म्हणून त्या खुंट्या अर्ध्या जमिनीत.

माझा त्यांच्या कामाशी संबंध आला तो अक्षरामुळं. मी शाळेच्या वह्या तपासत असताना त्यांनी माझं अक्षर पाहिलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत एक जाड वही घेऊन दारात उभे राहिले. "मास्तरीणबाई, चार दिवस द्याल का?"

दर दिवाळीला, पाऊस संपून जमीन सुकली की, ते एकेक खुंटी उपसत. धुवून, पुसून, जमिनीच्या पातळीला जिथं ओली रेघ असते तिथं टोचा खुपसून बघत. वास घेत. कधी कधी एक कपची काढून चावत. मग बोलत आणि मी लिहीत असे. क्रमांक अठ्ठावीस, हेद, दुसरा पावसाळा: गेला. क्रमांक एकतीस, खैर, सहावा पावसाळा: पास. क्रमांक चाळीस, किंजळ, चौथा: आजारी. आजारी हा शेरा त्यांना देववत नसे. दोन-तीनदा टोचून बघत, खुंटी उन्हात फिरवत, शेवटी खाली मान घालून म्हणत, "लिहा. आजारी."

त्यांचा जीव ऐनावर होता. ऐनाच्या चौदा खुंट्या होत्या आणि चौदाही पास होत होत्या. ऐन म्हणजे आपल्या शहापूर-मुरबाडच्या जंगलात हवा तेवढा, सागापेक्षा स्वस्त, पण लोक त्याला दुय्यम समजत. मालकांना त्याचा राग यायचा. "सागाला मान आणि ऐनाला काम. घरातल्या थोरल्या आणि धाकट्या सुनेसारखं." हे ते काकूंसमोर म्हणत. काकू घरातल्या धाकट्या सून होत्या.

आमच्या शाळेत मुलांसाठी झोपाळा उभारायचा होता तेव्हा मी हेडमास्तरांना मालकांचं नाव सुचवलं. आलेले खांब त्यांनी नखानं खरवडले, हातोडा मारला आणि चारही परत पाठवले. मग स्वतः कल्याणच्या वखारीत जाऊन ऐनाचे चार आणले. बुंधे जाळून काळे करून, डांबर लावून, स्वतःच्या देखरेखीखाली पुरले. पहिला झोका त्यांनी स्वतः घेतला, साठी उलटलेल्या माणसानं, अर्ध्या विजारीत, सगळ्या शाळेदेखत. तोंडावर जराही हसू नव्हतं. खांबाकडे बघत ते झोके घेत होते.

आमच्या शाळेचा शिपाई कळव्याच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावचा. त्यानं हे सगळं पाहिलं आणि गावात सांगितलं. उन्हाळ्यात त्या गावची तीन माणसं मालकांकडे आली. त्यांची शेती खारीतली, म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून मिळवलेली. बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती आली की पाण्याच्या जोरानंच दार मिटतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. सगळ्या गावाचं भात त्या एका दारावर. जुनं दार मोडकळीला आलं होतं. नवीन कुठल्या लाकडाचं करावं?

मालकांनी त्यांना परसात नेलं, ऐनाची एक खुंटी उपसून हातात दिली. "हे बघा. सातवा पावसाळा." तिघांनी आळीपाळीनं ती खुंटी हातात घेऊन बघितली, मान डोलावली. कल्याणच्या वखारीत मालकांनी त्यांच्यासाठी अख्खा दिवस घालवला. चाळीसएक ओंडक्यांतून पाच निवडले. दार तयार झालं, पावसाळ्यापूर्वी बसलं. गावानं त्यांना नारळ आणि धोतर दिलं. धोतर ते कधी नेसले नाहीत, पण वर्षभर दिसेल असं भिंतीवरच्या खुंटीला टांगलं होतं.

दुसऱ्या वर्षी, भात फुलोऱ्यावर आलेलं असताना, एका उधाणाला ते दार फुटलं.

आम्हाला ते कळलं चार दिवसांनी. एक म्हातारी आगरी बाई घरी आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत, पायांवर सुकलेला चिखल. बांधालगतची पहिली शेतं तिची होती. तिचं नाव हिराबाय. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि फडक्यात बांधलेला लाकडाचा एक तुकडा तिनं मालकांपुढं ठेवला.

"दादा, तुमचा लाकूर बगा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "भायेरशी बरा दिसतंय. आत बगा."

बाहेरून खरंच काही दिसत नव्हतं. टाचणीच्या डोक्याएवढी थोडी भोकं होती, एवढंच. मालकांनी हातोडा मारला. मी दारात उभी होते. लाकडाचा आवाज मला कळत नव्हता, पण मालकांचा चेहरा कळला. त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांनी मोडला आणि तो बिस्किटासारखा मोडला. आत बोटबोट जाडीची बिळं, एकमेकांना खेटून, आणि प्रत्येक बिळाला आतून पांढरा, शिंपल्यासारखा गुळगुळीत थर. खाडीतला किडा. तो आत शिरतो लहान आणि आतच खात मोठा होतो. डोंबिवलीच्या परसात तो कुठून येणार?

"भात?" मालकांनी विचारलं.

"गेला. दोन-तीन वर्सां आता खारंच जमीन."

काकू चहा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"जुनं दार तुमच्याकडे किती वर्षं होतं?" मालक म्हणाले.

"माजे सासऱ्यानी लावलेला. माजे लग्नाचे आदी."

"कसलं लाकूड होतं ते?"

"गलबताचा. फुटलेला गलबत घेतला व्हता सासऱ्यानी, त्याचे तलाचा लाकूर."

"मग हे तुम्ही लोकांनी मला सांगितलं का नाही?"

हिराबायनं त्यांच्याकडे बघितलं. "तुमी इचारलाव कवा? शिकलेला मानूस सांगतंय, आमी काय बोलाचा?"

मालक उठून परसात गेले. ती निघून गेल्यावरही ते विहिरीच्या काठावर बसून होते. संध्याकाळी त्यांनी वही मागवली. मी पेन घेऊन बसले तर म्हणाले, "द्या इकडे, हे मी लिहितो." आणि त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यांनी ऐनाच्या पानावर लिहिलं: खाऱ्या पाण्यात नापास. चूक लाकडाची नव्हे, पास करणाऱ्याची.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मालक म्हणाले, त्या गावाला जायचंय, तुम्ही याल का? एकट्यानं जायचं धाडस त्यांना होत नव्हतं, हे ते बोलले नाहीत, पण मला समजलं. ठाण्याला उतरून खाडीचा पूल ओलांडून आम्ही कळव्याच्या बाजूला गेलो आणि तिथून बांधावरून तासभर चाललो. दोन्ही बाजूंना पाणी. उजवीकडची खाडी आणि डावीकडची शेतं यांत काही फरक राहिला नव्हता. भाताची पिवळी टोकं तेवढी वर होती. गावकऱ्यांनी फुटक्या जागी माती आणि दगड टाकून तात्पुरतं बुजवलं होतं. लोक आमच्याकडे बघत होते. एकानं दुसऱ्याला काहीतरी म्हटलं आणि तोंड फिरवलं. मालकांनी ते ऐकलं असावं. ते थांबले आणि त्या माणसाला म्हणाले, "लाकूड मीच निवडलं होतं. दोष माझाच आहे." तो माणूस बुचकळ्यात पडला. असल्या कबुलीची त्याला अपेक्षा नसावी.

हिराबायच्या घरात जुन्या दाराची एक फळी होती. बसायला पाटासारखी वापरत होते. मालक जमिनीवर बसले, फळी मांडीवर घेतली. हातोडा मारला, खरवडलं, कपची काढून चावली. मग पुन्हा चावली.

"जांबा," ते म्हणाले.

जांबा कारवारकडच्या जंगलातला. इकडं मिळत नाही. लोखंडासारखा जड, रंधा बोथट करणारा. मला तो शब्द माहीत होता. आमच्या घराच्या ओट्याचे चार काळपट खांब जांब्याचे होते. कारवारकडच्या डेपोत असताना त्यांनी ते स्वतः निवडून, मालगाडीच्या वाघिणीतून आणवून बसवले होते. परसातल्या दोनशे खुंट्यांत जांब्याची एकही नव्हती, कारण त्याची परीक्षा घ्यायची गरजच त्यांना कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले तर ओट्यावर दोन सुतार आणि एक गवंडी. छपराखाली बांबूचे टेकू लागलेले.

काकू चुलीपाशी होत्या. मी म्हटलं, "काकू, अहो खांब काढताहेत."

"माहीत आहे. रात्री विचारलं त्यांनी मला." काकूंनी फुंकणी खाली ठेवली. "तीस वर्षांत पहिल्यांदा मला विचारून काही केलंय. मी नाही कशी म्हणू?"

चारही खांब निघाले. कल्याणला नेऊन त्यांच्या फळ्या पाडल्या. करवतीची दोन पाती मोडली, म्हणून वखारवाला कुरकुरला. ओट्याला विटांचे खांब आले, ओबडधोबड, गिलावा न केलेले. यांनी मालकांना विचारलं, पाऊस आला तर छप्पर तग धरेल ना? मालक म्हणाले, "विटांबद्दल मला काही कळत नाही. गवंड्याला विचारा." असं उत्तर त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकलं.

त्या फळ्यांचं नवीन दार कार्तिकात बसलं. मालक रोज तिथं जात होते. कमरेएवढ्या चिखलात उतरून सुताराच्या हातात खिळे देत होते. त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाचे लोक बांधावर उभे राहून बघत, मग तेही उतरत. त्याच वेळी त्यांनी बांधाला एक चौकट टांगली. तिच्यात साग, ऐन, खैर, किंजळ, बाभूळ, जांभूळ असे वीतवीत तुकडे दोरीनं बांधून भरतीच्या पाण्यात सोडले. परसातल्या परीक्षेचं दुसरं केंद्र, असं हे म्हणाले. मालकांना विनोद कळला नाही. "हो," ते म्हणाले, "पहिल्या केंद्रावर खाऱ्या पाण्याचा पेपरच नव्हता."

पौर्णिमेला भरती बघायला मीही गेले. पाणी चढत दाराला लागलं, दार मिटलं. फटीतून थोडं झिरपलं, मग फळ्या फुगल्या आणि तेही थांबलं. गावकऱ्यांनी श्वास सोडला. मालक हिराबायकडे वळले. "कसं वाटतं?"

"आज काय सांगू? दोन पावसाले जावंदे."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मालक फणकारले असते. इथं त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले. "दोन कमीच आहेत खरं तर."

दोन पावसाळे गेले. दुसऱ्यानंतर आम्ही पुन्हा तिथं गेलो. पावसाच्या गोड्या पाण्यानं खार धुऊन जात जात जमीन सुधारली होती. बांधालगतची पट्टी सोडली तर भात उभं होतं. चौकटीतले बाभूळ आणि किंजळ कधीच गेले होते, ऐनाची जाळी झाली होती, साग कडेनं खाल्लेला. ओहोटी होती. मालक दारापाशी उतरले, कमरेचा हातोडा काढला आणि हिराबायपुढं धरला.

"मी नाही. तुम्ही बघा."

तिनं पदर खोचला, हातोडा घेतला आणि दाराच्या एका टोकाला ठोकला. मग दुसऱ्या. मग वाकून खालच्या फळीवर, जिथं पाणी कायम असतं तिथं. मालक गुडघाभर चिखलात तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. आमच्या शाळेत तोंडी परीक्षेला मुलं उभी राहतात तसे.

तिनं हातोडा परत दिला. "चालंल," म्हणाली.

परत येताना मालक वाटभर बोलत होते. लाकडाबद्दल एक शब्द नाही. माझ्या मुलीला कितवं लागलं, तिला कुठल्या वर्गात घालणार, यांना पहाटेची गाडी पकडताना चहा तरी मिळतो का. पाच वर्षं त्यांच्या घरात राहत होते. हे प्रश्न त्यांनी कधी विचारले नव्हते.

त्यानंतर लोक त्यांच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले. कुणाला फाटक हवं असे, कुणाला विहिरीवरचा रहाट, कुणाला बागेतला मांडव. त्यांना ते सल्ला देत, पण आधी चार प्रश्न विचारत: जागा कुठली, पाणी कसलं, तिथं पूर्वी काय होतं, ते कुणी लावलं होतं. खाडीजवळचं काम असेल तर मात्र सल्ला देतच नसत.

आम्ही डोंबिवली सोडायच्या थोडं आधीची गोष्ट. एक तरुण इंजिनियर जीप घेऊन आला. ठाण्याच्या खाडीत कुठंतरी होड्यांसाठी लाकडी धक्का बांधायचा होता आणि कुणीतरी त्याला मालकांचं नाव सांगितलं होतं. त्यानं नकाशा पसरला. मालकांनी तो नीट पाहिला, घडी घालून परत दिला आणि मला एक चिठ्ठी लिहायला सांगितली. पुलावरून कळव्याच्या बाजूला उतरा, बांधानं तासभर चाला, शेवटच्या घरी हिराबायना विचारा.

"त्यांच्याकडे जाऊन आलात की मग माझ्याकडे या," मालक म्हणाले.

इंजिनियरनं चिठ्ठी वाचली. "या कोण? कुठल्या खात्यात असतात?"

"खारीत," मालक म्हणाले.